केदारीभाऊंची पंधरा दिवसांची चाचणी

केदारीभाऊंनी आजवर जितक्या भूमिका केल्या, त्याच्या किमान दुप्पट परत केल्या आहेत; आणि परत करताना प्रत्येक वेळी कारण लेखी दिलं आहे. कागद फुलस्केप, अक्षर वळणदार. डाव्या कोपऱ्यात पात्राचं नाव, उजव्या कोपऱ्यात सही, मधे कारण. लोणावळ्याच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या कपाटात या कागदांची एक स्वतंत्र फाइल आहे. तिच्यावर मंजूताईंनी स्केचपेनने 'केदारी – नकार' असं लिहिलं आहे. मंजूताई एका शाळेत मराठी शिकवतात आणि मंडळाची नाटकं बसवतात.

फाइलमधले दोन कागद नमुन्यादाखल देतो.

'भूत. परत. कारण : भुतांवर माझा विश्वास नाही. पण मुख्य अडचण ती नव्हे. भुताचा स्वतःचा भुतांवर विश्वास असतो किंवा कसे, हे पंधरा दिवसांत ठरवता आले नाही.'

'डॉक्टरांना न मानणारे काका. परत. कारण : बाराव्या दिवशी डावीकडच्या खालच्या दाढेने काकांशी असहमती दाखवली. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.'

यातले पंधरा दिवस हा भाऊंचा नियम. कोणतंही पात्र हातात आलं की ते पंधरा दिवस त्या पात्राच्या मतांनी जगून बघतात. घरात, बाजारात, लोकलमध्ये, सगळीकडे. मतं पटली तर भूमिका घेतात. पटली नाहीत तर कागद येतो.

नियमाचं मूळ नोकरीत आहे. भाऊ देहूरोडच्या डेपोत तपासनीस होते. फौजेसाठी येणारे बूट आणि तंबूचं कापड त्यांच्या टेबलावरून जायचं. तळवा वाकवायचा, शिवण ओढायची, कापड दिव्यासमोर धरायचं आणि शिक्का मारायचा : पास किंवा रिजेक्ट. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, नजर सुटली नाही. तळेगावात मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा आत येण्याआधी दारातल्या चपलांकडे बघून म्हणाले, "तिसरी जोडी पावसाळा काढणार नाही."

तिसरी जोडी माझी होती. तिने पावसाळा काढला नाही.

"वरून पॉलिश कसंही असो," हे त्यांचं आवडतं वाक्य, "टाका आतून बघायचा." नटाच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं तेच. नट एक बोलतोय आणि मनात दुसरंच मानतोय, तर तो माल खोटा. प्रेक्षकाला कळो न कळो, माल खोटा.

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास मालनवहिनींना झाला. त्या भाऊंच्या पत्नी, म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांसाठी नाना प्रकारच्या माणसांच्या पत्नी. त्यांनी एक नास्तिक सांभाळला, एक ज्योतिषी सांभाळला, आणि बायकांनी मोठ्याने हसू नये असं मत असलेला एक जमीनदार तीन दिवस सांभाळला. तीनच दिवस, कारण चौथ्या दिवशी जमीनदाराला बघून त्यांना हसू आवरेना.

"सगळ्यांत वाईट कोण होता, सांगू?" वहिनी मला एकदा म्हणाल्या. "प्रेमळ नवरा."

"का?"

"सकाळी डोळे उघडले की विचारायचे, 'दमलीस का?' अहो, उठलेय आत्ता! भाजी चिरताना 'दमलीस का', टीव्ही बघताना 'दमलीस का'. नवव्या दिवशी म्हटलं, एवढी काळजी आहे तर सिलिंडर बदला. त्याच दिवशी भूमिका परत गेली."

मी फाइल काढून पाहिली. कागदावर लिहिलं होतं : 'प्रेमळ नवरा. परत. कारण : पात्राचे विचार पटले. घरातून सहकार्य मिळाले नाही.'

असं सगळं नाकारल्यावर भाऊंच्या वाट्याला उरायचे ते मतं नसलेले लोक. हवालदार, पोस्टमन, स्टेशनमास्तर, 'साहेब, बाहेर कुणीतरी आलंय' एवढं सांगून जाणारा शिपाई. ही कामं ते अतिशय चोख करत. एका प्रयोगात हवालदार म्हणून त्यांनी विंगेतून येऊन "चला, साहेबांनी बोलावलंय" असं म्हटलं, तेव्हा दुसऱ्या रांगेतला एक प्रेक्षक उठून उभा राहिला. त्याचं काय प्रकरण होतं, ते आम्ही विचारलं नाही.

मी मंडळात प्रॉम्प्टर आहे, त्यामुळे भाऊ आणि मंजूताई यांच्यातला वाद मी विंगेत बसून पुष्कळदा ऐकला आहे. मंजूताईंचं म्हणणं सरळ होतं. खुन्याचं काम करायला खून करावा लागत नाही.

"करू नये," भाऊ म्हणायचे. "पण करावासा वाटला पाहिजे."

"भाऊ, असं असतं तर जगात एकही नाटक उभं राहिलं नसतं. मी पाच वर्षं खाष्ट सासूची कामं केली. माझ्या सुनेला विचारा, मी घरी कशी आहे."

"विचारलंय," भाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी मंजूताईंनी हा विषय पुन्हा काढला नाही.

*

गेल्या वर्षी मंजूताईंनी स्वतः एक दोन अंकी नाटक लिहिलं. पवन मावळातल्या एका गावाने यात्रेसाठी ते मागितलं होतं. गोष्ट मावळात घरोघरची. वडील गेलेले, जमिनीला गिऱ्हाईक आलेलं, मुलगा विकायला तयार. बहिणीने मात्र हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडत असल्याच्या कागदावर, सही केलेली नाही. सगळे तिच्यावर तुटून पडतात. शेवटी घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस, आबा, उठून उभा राहतो आणि सांगतो, "हिचं नाव बापाच्या घरात लिहिलेलं आहे. ते खोडायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

आबांचं काम करणाऱ्या गृहस्थांची प्रयोगाला तीन आठवडे असताना नाशिकला बदली झाली. मंडळात त्या वयाचा दुसरा माणूस एकच होता.

भाऊंनी संहिता तिथेच, शाळेच्या हॉलमधल्या बाकावर बसून वाचली. शेवटचं पान दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढलं, मागच्या कोऱ्या पानावर 'आबा. परत.' एवढं लिहिलं आणि वही मंजूताईंच्या हातात दिली.

"कारण?" मंजूताईंनी विचारलं.

"पटत नाही."

"चाचणी?"

"गरज नाही. वरूनच दिसतंय."

मंजूताईंनी चष्मा काढला. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्या भाऊंकडे बघत राहिल्या.

"भाऊ, डेपोत तुम्ही माल वरून बघून रिजेक्ट करायचात?"

भाऊंनी पेनला टोपण लावलं.

"तळवा न वाकवता? शिवण न ओढता? मी इतकी वर्षं तुमचे कागद फाइलला लावले. हा लावणार नाही. चाचणी झालेली नाही. पंधरा दिवस करा आणि मग खुशाल परत द्या."

भाऊंनी वही परत घेतली. स्वतःचा नियम स्वतःच्याच अंगावर आलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. लोणावळ्याहून तळेगावपर्यंत आम्ही लोकलने आलो. समोरच्या प्रवाशाच्या बुटांकडेही त्यांनी बघितलं नाही.

कारण मला वहिनींकडून कळलं. भाऊंना एकच बहीण आहे, त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिला ते अक्का म्हणतात. ती पवनानगरच्या पुढे धरणाच्या कडेला दिलेली. वडिलांची भातशेती कामशेतच्या अलीकडे आहे. ती भाऊ बघतात, आणि तिच्या सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत. अकरा वर्षांपूर्वी भाऊंनी वकिलाकडून हक्कसोडपत्र तयार करून घेतलं.

"त्यात नवं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्या माहेरी मीही सही केली. सगळ्याच करतात. पण कागद कधी द्यायचा, याला काही आहे की नाही? भाऊबीज होती. अक्का आमच्याकडे आल्या होत्या. ओवाळायला बसल्या. ह्यांनी तबकात साडी ठेवली, आणि साडीवर कागद."

"ओवाळणीत?"

"ओवाळणीत! वर म्हणतात, अक्का, सोमवारी वडगावच्या कचेरीत जाऊन सही करायचीय, तेवढं वाचून ठेव. मी डोळ्यांनी खुणावतेय, खुणावतेय. ह्यांना वाटलं, करंजी वाढू का विचारतेय. मला म्हणाले, 'वाढ की.'"

"मग?"

"अक्कांनी ओवाळणं पूर्ण केलं. अक्षता टाकल्या, तोंडात साखर घातली. मग कागदाची घडी घालून परत तबकात ठेवली आणि तबक ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, 'ओवाळनीत ह्यो कागूद घालनाऱ्याला मी सही देत न्हाई.' साडी तिथेच ठेवून गेल्या. त्यानंतर ना त्या आल्या, ना हे गेले."

मी भाऊंना हे विचारलं तेव्हा त्यांनी खुलासा केला. त्या दिवशी सगळे एकत्र होते. कागद तेव्हाच दिला असता तर पवनानगरची एक वेगळी खेप वाचली असती. मुद्द्याचं म्हणाल तर त्यांचं मत ठाम होतं. बहीण माहेरी येते ती मानाने. वाटेकरी झाली की मान जातो आणि मोजमाप येतं. शेताचे तुकडे पडतात. कायदा काय म्हणतो ते त्यांना ठाऊक होतं. कायद्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त पटत नव्हतं.

*

चाचणीचे पहिले चार दिवस भाऊंनी आबांची वाक्यं मोठ्याने वाचण्यात घालवले. वरच्या मजल्यावरून मला रोज सकाळी ऐकू यायचं, "हिचं नाव बापाच्या घरात लिहिलेलं आहे," आणि त्यापाठोपाठ वहिनींचा आवाज, "कळलं हो, पोहे खा."

पाचव्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घातला होता.

"वाचून चाचणी होत नाही," ते म्हणाले. "हा माणूस नुसता बोलत नाही, वागतो. पवनानगरला जावं लागणार. तुम्ही चला."

"मी कशाला?"

"साक्षीदार म्हणून."

कामशेतला उतरून आम्ही जीप धरली. पुढच्या सीटवर चौघं होतो. पाण्याच्या कडेला ओळीने तंबू दिसायला लागले तसे भाऊ म्हणाले, "कापड हलकं आहे."

अक्का ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय एकाहत्तर, अंगाने बारीक. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"मी. शांताराम."

"कोन शांताराम?"

"तुजा भाऊ."

"आसं व्हय." सूप एकदा पाखडून झालं. "आन् ह्ये कोन?"

"साक्षीदार."

अक्कांनी आता वर बघितलं. "परत सही पायजे का माजी? आवंदा साक्षीदारबी घिऊन आलास."

भाऊंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाटक, आबा, पंधरा दिवस, नियम. तळेगावात आणि लोणावळ्यात भाऊ पुस्तकी बोलतात. अक्कांपुढे दोन वाक्यांत त्यांची भाषा बदलली. "त्यो आबा म्हनतो भनीला वाटा द्यावा. मला काय त्ये पटत न्हाई. पन पंधरा दिस पटल्यावानी वागाया लागतं. तवा आलोय."

"म्हंजी पटलं न्हाई, पन पटल्यावानी वागाया आलास."

"व्हय."

"किती दिस झालं?"

"आज पाचवा."

अक्कांनी बोटांवर हिशेब केला. "मंग धा दिस हायेत माजं. बस."

भाऊ बसले. मलाही बसायला सांगण्यात आलं. चहा झाला. निघताना अक्का म्हणाल्या, "उद्या येताना माज्या शेतात काय केलंतं त्ये सांग."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सांगितलं, हरभरा केला होता, निघाला. अक्कांनी विचारलं, "मंग माजा निम्मा कुटं हाय?"

सातव्या दिवशी भाऊ हरभऱ्याचं पोतं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. मागे टपावर टाका म्हटलं तर ऐकेनात. पोत्याची शिवण आपण तपासलेली नाही, असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

आठव्या दिवशी अक्कांनी विहिरीचा गाळ काढला का, ते विचारलं. नवव्या दिवशी बांधावरचा आंबा कुणाला विचारून तोडला, ते विचारलं. तो आंबा आपोआप पडला होता. भाऊंनी तसं सांगितलं. "पडला तवा मला सांगाया कोन आलंतं?" अक्का म्हणाल्या. "सातबाऱ्यावर मी हाये, शांत्या. शेतात मातर मला कुनी पाय ठिवू दिला न्हाई."

रोज संध्याकाळी भाऊ मला त्या दिवसाचा अहवाल देत. कोरडा, क्रमवार. आपल्याला काय वाटलं, हे त्यात नसे. अक्कांचा एकही मुद्दा ते वगळत नसत. बाराव्या दिवशी मी विचारलं, "आज काय मागितलं?"

"काही नाही."

"मग दिवसभर काय केलं?"

"तांदूळ निवडले."

"अक्कांनी?"

"दोघांनी," ते म्हणाले.

*

पंधराव्या दिवशी भाऊंचा कागद आला. मंडळातल्या सगळ्यांनी तो उभ्यानेच वाचला.

'आबा. चाचणी पूर्ण. मत पटले नाही. भूमिका करतो.'

असा कागद आधी कधी आला नव्हता. मंजूताईंना आनंद झाला, पण तो त्यांनी दाखवला नाही. तालमीला पाचच दिवस उरले होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "मग आतला टाका?"

"तो माझा मी बघतो," भाऊ म्हणाले.

प्रयोग संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला. देवळासमोर बाक जोडून रंगमंच केला होता. बायका पुढे सतरंज्यांवर, पुरुष मागे. अक्का पहिल्या सतरंजीवर मधोमध बसल्या होत्या, सुनेला आणि शेजारणींना घेऊन. विंगेतल्या फटीतून मला त्या स्पष्ट दिसत होत्या. भाऊंनाही दिसत असणार.

पहिला अंक व्यवस्थित झाला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आबा उठले. भाऊंचा आवाज मुळात सपाट आहे. हवालदाराला तो चालतो. त्या दिवशीही तो सपाटच होता. "हिचं नाव बापाच्या घरात लिहिलेलं आहे. ते खोडायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

टाळ्या पडणार, एवढ्यात पहिल्या सतरंजीवरून अक्कांचा आवाज आला.

"आक्षी बरूबर! आता ह्येच तलाठ्याम्होरं जाऊन बोल!"

सगळं देऊळ हसलं. मागच्या पुरुषांना ऐकू आलं नव्हतं, त्यांना पुढच्यांनी सांगितलं, मग तेही हसले. भाऊ थांबले. मी पुढचं वाक्य दिलं, त्यांनी ते घेतलं नाही. मी पुन्हा दिलं. नाटकातली बहीण त्यांच्या डाव्या हाताला उभी होती आणि तिच्याकडे वळून म्हणायचं होतं, "तू का उभी? ही जागा तुझी आहे." भाऊ वळलेच नाहीत. समोरच्या सतरंजीकडे बघत त्यांनी ते वाक्य म्हटलं. 'जागा' या शब्दावर आवाज फाटला. मग पडदा पडला. नाटकातल्या बहिणीला शेवटपर्यंत बसायला मिळालं नाही.

मेकअप पुसताना मंजूताई म्हणाल्या, "बघा भाऊ. न पटता केलंत, आणि काय काम झालं! मी इतकी वर्षं हेच सांगत होते."

"काम चांगलं झालं हे तुमचं मत झालं," भाऊ म्हणाले. "आवाज फाटला. टाका उसवलेला होता म्हणून फाटला. मी असतो तर रिजेक्ट केलं असतं."

"म्हणजे अजून पटलेलं नाही?"

"नाही."

कामशेतकडे परतताना जीपमध्ये आम्ही दोघंच मागे होतो. भाऊंच्या भुवयांवर पांढरा रंग थोडा उरला होता. बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलले. आपणहून बोलणं ही त्यांची रीत नव्हे.

"भाऊबिजेला मी जेवून झोपतो," ते म्हणाले. "दुपारी एक ते पाच. हिला वाटतं फराळ अंगावर येतो. अकरा वर्षं झोपतोय."

"झोप लागते?"

"नाही."

जीप एका वळणावर हळू झाली आणि पुन्हा वेगात आली.

"माझं मत बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "अकरा वर्षं रोज तपासलंय, कुठे उसवत नाही. पण ते घालून कुठे जाता येत नाही, एवढंच."

*

पुढचं थोडक्यात सांगता येईल. भाऊंनी वाटपाचा अर्ज केला. वडगावच्या दोन-तीन खेपा झाल्या. सरकारी मोजणी झाली आणि शेतात नवा बांध पडला. अर्ज करतानाही त्यांना पटलेलं नव्हतं. तलाठ्यांनी सहज विचारलं, "भाऊ, बहिणीनं कोर्टात जायची धमकी दिली का?" भाऊ म्हणाले, "नाही. नाटकात काम होतं." तलाठ्यांनी अर्ज ठेवून घेतला.

मंजूताईंनी यावरून मंडळात एक छोटं भाषण केलं. नटाने पात्राची मतं मानायची गरज नसते, हे केदारीभाऊंनीच सिद्ध केलं, असा त्यांचा मुद्दा होता. भाऊंनी हरकत घेतली. त्यांच्या मते उलट सिद्ध झालं होतं : मतं न मानता पात्र अंगावर घेतलं की ते प्रयोग संपल्यावरही उतरत नाही, म्हणून नियम योग्यच आहे आणि पुढेही चालू राहील. तो चालू आहे. मागच्याच महिन्यात त्यांनी एक शाकाहारी वाघ परत केला.

मोजणीच्या आधीची एक सकाळ मात्र या हिशेबात कुठे बसत नाही. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

सरकारी माणूस येण्याआधी साधारण अंदाज घ्यावा, म्हणून भाऊंनी अक्कांना जीपने शेतावर आणलं होतं. भात केव्हाच निघालेलं, हरभराही निघालेला, नुसती ढेकळं. अक्का अकरा वर्षांनी तिथे आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी काही बघितलं नाही, कुठे थांबल्या नाहीत. "मोज," एवढंच म्हणाल्या.

भाऊ एका कोपऱ्यातून पावलं टाकत निघाले. पाठ ताठ, ओठ हलताहेत. मधल्या खुणेपर्यंत गेले, वळले.

"त्रेसष्ट," त्यांनी सांगितलं.

"त्या अंगाला किती?"

भाऊ पुढच्या टोकापर्यंत गेले. "सत्तावन्न."

"तुज्याकडं त्रेसष्ट, माज्याकडं सत्तावन्न?"

"खूण माज्याकडं सरकवू."

"खूण ऱ्हाऊं दे. माज्या अंगाला तुजं पाऊल लांब पडतंय. मला जादा जावं म्हनून मुद्दाम आकडा कमी आनतोयस. परत मोज."

भाऊ पहिल्या कोपऱ्यात गेले. या वेळी अक्काही त्यांच्यामागे निघाल्या, पावलांवर लक्ष ठेवायला. ढेकळांत त्यांचा पाय मुरगळायला लागला, तशी त्यांनी भाऊंचा खांदा धरला. भाऊ थांबले, त्यांनी पकड नीट बसू दिली, आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली.

"येक. दोन. तीन."

"आता तर लयच आखूड टाकतोस," अक्का म्हणाल्या.

"तू धरलंयस म्हनून."

अक्कांनी दोन पावलं विचार केला. हात काढला नाही.

"मंग मोजू नगंस आता," त्या म्हणाल्या. "नुस्ता चल."